ज्या दारातून मी उठून आलो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रुबिनाला, माझ्या बायकोलासुद्धा नाही—आणि तिच्यापासून मी तसं काही लपवत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पन्नाशी उलटली तरी ही एक गोष्ट घशाखाली उतरली नाही, म्हणूनही असेल.

आधी मी कोण ते सांगतो. त्यात थोडा मोठेपणा दिसेल. दिसू दे. माझं नाव इक्बाल. रत्नागिरीत बर्फाचे कारखाने, कोल्ड स्टोरेज, मासळीच्या गाड्या—जिथे म्हणून थंडावा लागतो तिथलं मशीन बिघडलं की मला फोन येतो. मस्कतला सोळा वर्षं हेच काम केलं, शेवटची सात वर्षं फोरमन होतो. लांब पेचकसाचं टोक चालत्या कंप्रेसरला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची—आत कुठे दुखतंय ते मला ऐकू येतं. कंपनीने दोनदा इंजिनियर बोलावले, दोन्ही वेळा मी म्हणालो तोच बिघाड निघाला. याचा मला गर्व आहे. पुढचं सगळं सांगून झाल्यावरही तो राहील. तो खोटा नाही. खोटं दुसरं आहे.

नऊ वर्षांपूर्वी मस्कत सोडून कायमचा घरी आलो. मुलगी सातवीत होती आणि मला फोनवरचा बाप म्हणून ओळखत होती, ते पुरे झालं होतं. वाटलं, हातात एवढी विद्या आहे, आपल्या गावात काय कमी पडणार?

पहिला गेलो आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात. नऊ हजार म्हणाले, आणि सीझन संपला की तुम्ही मोकळे. मग गणपतीपुळ्याकडचं एक हॉटेल. तिथल्या मॅनेजरने विचारलं, एसीबरोबर नळ, गीझर, जनरेटरपण बघाल ना? आठ देतो, जेवण आमच्याकडे. जेवण आमच्याकडे! जसं काही मी जेवायला गेलो होतो. आणि सगळीकडे एकच वाक्य—'गल्फचं गल्फमध्ये ठेवा, इकडचं बोला.'

पैसे कमी मिळाले तर माणूस पोटाला चिमटा घेतो, त्याचं एवढं नाही. पण समोरचा आकडा सांगताना तुमच्याकडे बघतही नाही. मोबाईल बघत सांगतो. तुमचे सोळा वर्षांचे कागद उलटे ठेवून त्यावर चहाचा कप ठेवतो. ते कसं विसरायचं?

चौथा होता बंदराजवळचा बर्फाचा कारखाना. इथूनच माझं ते प्रसिद्ध उत्तर सुरू होतं. बंदरावर अजून कोणीतरी ते सांगतो, आणि मला ऐकायला आवडतं.

शेठच्या ऑफिसात बसलो होतो आणि भिंतीपलीकडून कंप्रेसरचा आवाज येत होता. मी म्हणालो, शेठ, तुमची व्हॉल्व्ह प्लेट जातेय, पंधरा दिवस काढेल फार तर. शेठ हसले. म्हणाले, "कान चांगला आहे. बारा देईन. वॉचमनला दहा देतो, तुम्हाला दोन जास्त."

मी उठलो. चहा अर्धा तसाच. म्हणालो, "शेठ, हे बारा वॉचमनलाच द्या. त्याचे बावीस होतील. दिवसभर उन्हात उभा असतो तो माणूस, तुमच्यासारखा पंख्याखाली नाही."

आणि निघालो. दारात वॉचमन होता—तात्या म्हणायचे त्याला, साठीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने सगळं ऐकलं होतं. मला सलाम ठोकला त्याने. खरंच ठोकला. संध्याकाळपर्यंत बंदरावरच्या चहाच्या टपरीत मी ही गोष्ट तीन वेळा सांगितली, आणि दर वेळी लोकांनी टाळ्या दिल्या. बोटीवाले म्हणाले, इक्बालभाई, एकदम बरोबर केलंत. घरी रुबिनाने त्या दिवशी सुरमई आणली.

इथवरचं सगळं खरं आहे. लोकांना माहीत आहे ते एवढंच.

मग अकरा दिवस फोन वाजला नाही. तुम्हाला माहीत आहे का, ताठ मानेने घरी बसलेला माणूस कसा दिसतो? पहिले तीन दिवस वाघासारखा. मग तो खिडक्यांच्या कड्यांना तेल घालायला लागतो. बाराव्या दिवशी सकाळी मुलगी शाळेत निघाली आणि सहज म्हणाली, "अब्बा, आजपण घरीच?" तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं.

दुपारी मी परत त्या कारखान्यात गेलो.

मोटरसायकल घेतली नाही, कोणी ओळखली असती. बंदरात न शिरता मागच्या गल्लीने चालत गेलो. शेठसमोर उभा राहिलो—बसा म्हणाले नाहीत—आणि म्हणालो, "बारा चालतील."

शेठ मोबाईल बघत होते. म्हणाले, "तेव्हा बारा होते. आता दहा."

मी म्हणालो, "चालेल."

एक क्षणही लागला नाही मला. 'चालेल' हा शब्द माझ्या तोंडून इतक्या लवकर आला की शेठनेही मान वर केली. मग त्यांनी तात्याला आत हाक मारली आणि म्हणाले, "ऐक रे, साहेब दहावर यायला तयार आहेत. तुझ्याएवढ्यावर." तात्या जमिनीकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. त्याने बघितलं असतं तर बरं झालं असतं का? माहीत नाही. "कळवतो," शेठ म्हणाले. त्यांचा फोन कधीच आला नाही.

तर हा माझा कमीपणा. पण मी कबूल करायला बसलोय तो हा नाही. पोटासाठी वाकलो, त्यात काय एवढं? कितीतरी माणसं वाकतात. पुढचं वाकणं वेगळं होतं.

पाच महिन्यांनी प्रकाश आला. प्रकाश लांज्याकडचा. मस्कतला सहा वर्षं माझ्या हाताखाली होता—पाइपचं वेल्डिंग असं करायचा की सांधा शोधावा लागायचा. मीच शिकवलेला. त्याची मुलगी तीन वर्षांची झाली होती, म्हणून तोही कायमचा परत आलेला. तोवर मी घरोघरचे फ्रिज दुरुस्त करायला लागलो होतो, बरं चाललं होतं. आमच्या पडवीत बसला आणि म्हणाला, "भाई, त्या बर्फवाल्या शेठचा फोन आलाय. अठरा म्हणतायत. शनिवारी दुपारी सुट्टी. काय करू?"

त्या पाच महिन्यांत शेठचं मशीन बसलं होतं, मी म्हणालो होतो तसंच. बोटी बर्फाशिवाय उभ्या राहिल्या होत्या, म्हणून शेठ शहाणे झाले होते. अठरा चांगले होते. रुबिना चहा घेऊन आली होती, तीसुद्धा म्हणाली, "अठरा म्हणजे बरे आहेत की. तुमच्या घरापासून तासाभरावर."

आणि मला काय दिसलं सांगू? मला तात्या दिसला. प्रकाश तिथे कामाला लागणार, दुपारी तात्याबरोबर डबा खाणार, आणि एके दिवशी तात्या सांगणार—तुझे इक्बालभाई ना? ते दहावर तयार झाले होते.

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "ज्या दारातून मी उठून आलो, त्या दारात तू जाणार?"

बस. एवढंच वाक्य. आवाज चढवला नाही, समजावलं नाही. मस्कतच्या कॅम्पमध्ये हा माणूस माझ्या शब्दावर चालत्या मशीनखाली हात घालायचा. मला माहीत होतं की एक वाक्य पुरेल.

प्रकाश हसला. "संपलं भाई. तुम्ही बोललात, संपलं." आणि तिथेच फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून. "शेठ, ते अठरा तुमच्या वॉचमनला द्या."

आता शेठ बोलणार. पलीकडे नुसती मशीनची घरघर. मग शेठचा आवाज आला, "इक्बाल बसलाय काय शेजारी?"

"होय तर," प्रकाश अभिमानाने म्हणाला.

"बरं," शेठ म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते का बोलले नाहीत? त्यांना माझी कीव आली का? कीव असेल तर ती त्या दहा हजारांपेक्षा वाईट. पण त्या वेळी मी हे काही मनात आणलं नाही. मी सुटलो होतो. रुबिनाकडे बघितलं तर ती कप उचलून आत गेली होती.

प्रकाश चौदा महिने काम शोधत होता. चिपळूण, लोटे, पार महाडपर्यंत. पंधरा, मग तेरा, मग अकरा. प्रत्येक वेळी नाही म्हणायचा आणि बाहेर पडल्या पडल्या मला फोन करायचा: "भाई, आजपण उठून आलो!" आणि मी म्हणायचो, शाब्बास. चौदा महिने मी त्याला शाब्बास म्हणालो.

एकदा लांज्याला कामाला गेलो होतो, म्हणून त्याच्या घरी डोकावलो. त्याची बायको संगीता काजूच्या कारखान्यात जायला लागली होती. तिने कोकम सरबत आणून दिलं तेव्हा बोटं दिसली—काजूच्या चिकाने कातडी काळी पडून सोलली होती. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं, तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "भाई, तुमच्यामुळे हे ताठ राहिले. नाहीतर कोणाच्याही दारात उभे राहिले असते." ती मनापासून बोलली की टोचून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सरबत संपवलं.

शेवटी प्रकाश परत मस्कतला गेला. पगार आधीपेक्षा कमी. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याची आई वारली. त्याला रजा मिळाली नाही. संगीताचा फोन आला तसा मी मोटरसायकलवरून निघालो, तासाभरात पोचलो. हो, तासाभरात. अंगणात माणसं जमली होती. संगीताने तिचा मोबाईल माझ्या हातात दिला, व्हिडिओ कॉल चालू होता. "ते म्हणतात, भाईंकडे दे," ती म्हणाली.

आईला उचलायच्या आधी मी मोबाईल तिच्या चेहऱ्यावर धरला. प्रकाश कसल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये होता, डोक्यावर हेल्मेट तसंच.

"जवळ धरा भाई. दिसत नाही."

मी जवळ धरला.

"हलतंय भाई. नीट धरा ना."

माझे हात हलत नाहीत. कधीच नाहीत, माझा धंदा आहे तो. मी दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. त्याने आईला बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. माझ्या जागी तुम्ही."

तेव्हा सांगता आलं असतं का? नाही, ती वेळ नव्हती. पण नंतर वेळ आली. दर ईदला त्याचा फोन येतो, दर सुट्टीत खजूर घेऊन तो घरी येतो. वेळा खूप आल्या. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा रुबिनाने विचारलं, प्रकाश काय म्हणाला?

"काही नाही," मी म्हणालो.

प्रकाशला इथे नोकरी होती. चांगली होती. तो रोज आपल्या घरी जेवला असता. मी त्याला जाऊ दिलं नाही, कारण तिथला एक वॉचमन मला ओळखत होता.