सेटिंग कोणी बदलवली?

मेश्रामकाका कुठल्याही मशीनच्या कीबोर्डला हात लावायच्या आधी खिशातून पेन्सिल काढायचे. जुनी सेटिंग कागदावर उतरवायची, मग एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. नाही जमलं, तर ती परत होती तशी करायची आणि मगच दुसरीला हात घालायचा. कोराडी रोडवरच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा मला हा निव्वळ म्हातारचळ वाटला होता. "पहिले जुनं लिहून ठेव गा," ते म्हणायचे. "घरी यायचा रस्ता मालूम असला, तं माणूस कुठंबी भटकू शकते."

आमच्या कंट्रोल रूममध्ये एक वर्कस्टेशन होतं. त्याला लांबलचक केबलनं जोडलेलं एक जुनं टर्मिनल बॉयलरपाशी होतं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. ऑपरेटर त्यावर लॉगिन करून वाफेचा दाब बघायचा. दोन्हीकडचा अक्षरं पाठवायचा वेग जुळला नाही, की पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा यायचा. काका म्हणायचे, "दोघंबी बोलून राहिले, पण एकमेकाचं समजून नाही राहिलं. आपल्या घरी नाही होत का असं?" आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या घरी तसं काही होत नसे, हेही सांगून टाकतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी काका अर्धी सुटी घेऊन इतवारीत गेले होते. भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती. इकडे क्षणभर लाइट गेली, आली आणि बॉयलरवरून ऑपरेटर रामटेकेचा फोन आला, "भाऊ, काही वाचता नाही येऊन राहिलं."

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचो. वर्कस्टेशनवर वेग बदलला, मग आणखी एक सेटिंग, मग लॉगिनच्या फाइलमधली ओळच बदलली. कागदावर एक अक्षर नाही. आता पडद्यावर कचराही येईना, पडदा नुसता कोरा, आणि आधी काय होतं ते मला आठवेना. पाचाची चाळीस मिनिटं झाली. शेवटी रामटेके काट्याचा मीटर वाचायला स्वतः बॉयलरजवळ गेला. तिथला एक जॉइंट सुटला आणि वाफ थेट त्याच्या उजव्या हातावर आली. हात वाचला, पण तीन बोटं कापावी लागली.

निरोप मिळताच काका धावत आले. लाइट जाताच टर्मिनल आपल्या मूळ वेगावर गेलं होतं, एवढंच झालं होतं. वर्कस्टेशनचं काही चुकलंच नव्हतं. काकांनी त्यांच्या कागदावरून दहा मिनिटांत सगळं जागेवर आणलं.

चौकशीत मॅनेजरनं विचारलं, "सेटिंग कोणी बदलवली?"

मी तोंड उघडणारच होतो, असं लिहायला आवडलं असतं. मी खाली बघत होतो.

"म्या," काका म्हणाले. "जाच्या पहिले."

महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. गेटवर मी विचारलं, "काहून, काका?"

"माह्ये दोनच वर्षं राहिले होते गा. तू अजून पर्मनंट व्हायचा आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण रामटेकेले तूच सांगजो. ते काम माह्यं नाही."

सांगणार होतो. पर्मनंट झालो की, लग्न झालं की, मुलगी जरा मोठी झाली की. दर दिवाळीला काकांकडे जायचो. त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि ते मला विचारण्यापेक्षा जड जायचं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. पुण्यानुमोदनाला त्यांच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीनं बसली होती. रामटेकेही आला. फोटोपुढं डाव्या हातानं फुलं वाहिली आणि दाराशी मला म्हणाला, "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये भाऊ. पण ह्या माणसानं माह्या हाताची माती केली. तरी आलो."

काकू आमच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ, रागानं नव्हे, वाट बघत.

मी रामटेकेला म्हणालो, "चहा घेऊन जा."