पॅड मुरवणारा हात

आष्ट्याहून सांगलीला निघालं की गावाबाहेर डाव्या अंगाला लालासाहेबांचं पत्र्याचं शेड लागतं. गाड्या धुऊन देणारे त्या रस्त्याला पाच-सहाजण असतील. जुन्या रंगाला मशीननं चकाकी आणून देणारे लालासाहेब एकटेच. फौजेत सतरा वर्षं ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर ऊस धाकट्या भावानं सांभाळला आणि यांनी पॉलिशचं मशीन घेतलं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली.

मशीनला लावायचा पॅड म्हणजे तळहाताएवढा स्पंजचा गोल. बघणाऱ्याला वाटतं, त्यावर पॉलिशचे चार ठिपके टाकले की झालं. लालासाहेब आधी पॅड मुरवायचे. सगळ्या तोंडावर पॉलिशची पातळ साय पसरायची, बोटांनी ती छिद्राछिद्रात चोळायची, पार कडेपर्यंत न्यायची, जास्तीची पुसून काढायची. मग बोट फिरवून बघायचं. मुरलेली जागा गार, निसरडी लागते. कोरडी जागा बोटाला धरते. पॉलिश पांढरं आणि पॅडही पांढरा, त्यामुळं डोळ्यांना काही कळत नाही. सगळी भिस्त बोटांवर.

"कोरडा पॅड म्हंजे भांड्याची घासणी," ते म्हणत. "रंगावर फिरीवली की संपलं."

"देवाम्होरं येवढा येळ बसला आसता, तर देवच इचारायला आला आसता, काय पायजे म्हणून," त्यांच्या पत्नी संयोगिता म्हणायच्या. दुपारची कामं आवरून त्या शेडात येत आणि वापरलेले पॅड नि फडकी धुऊन वाळत घालत.

त्या दिवशी सकाळी सांगलीचे हळदीचे व्यापारी धरणेंद्र आपली काळी गाडी सोडून गेले. दुसऱ्या दिवशी लेकीचा साखरपुडा होता. "पाहुण्यांच्या दारात लावायची हाय, लालासाहेब," एवढंच म्हणाले. काळा रंग म्हणजे चुगलखोर. काही पोटात ठेवत नाही.

दुपारपर्यंत निम्मं बॉनेट झालं आणि लालासाहेबांनी त्यावर टॉर्च मारली. आरशावर कुणी फुंकर मारावी तशा तीन धुरकट कमानी उमटल्या होत्या. पॉलिश कमी पडलं असेल म्हणून त्यांनी आणखी घातलं, मशीन जरा दाबून फिरवलं. कमानी पाच झाल्या.

त्यांनी मशीन बंद केलं, पॅड काढून संयोगितांच्या बादलीत टाकला. संयोगितांनी तो लगेच बाहेर काढला, अंगठ्यानं दाबला.

"आवं, ह्येच्या मधी लोण्यावानी थर हाय. कड ठणठणीत कोरडी."

"मशीननं फेकलं आसंल पॉलिश."

"फेकलं आसतं तर भितीवर शितोडं दिसलं आसतं. भित बघा की, धुतल्या ताटावानी लख्ख हाय."

लालासाहेबांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. चौदा वर्षं ते मशीन हातात थरथरत होतं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. दिवाळीपासून बोटांची टोकं आपली वाटेनाशी झाली होती. शर्टाची बटणं आरशात बघून लावावी लागत. पॅडवर बोट फिरवलं की सगळीकडं सारखंच लागायचं, आणि सारखं लागतंय म्हणजे मुरला, असं ते मनाला सांगायचे. तेव्हापासून आलेल्या गाड्या पांढऱ्या निघाल्या, म्हणून निभावलं. ही बोटं गेली तर मागं राहतं काय? मशीन कुणीही धरेल.

"कवापास्नं?" संयोगितांनी विचारलं. त्यांची नजर पॅडवर नव्हती, हातावर होती.

"दिवाळीपास्नं."

"आन् मला आज कळतंय व्हय?"

"तुला सांगितलं आसतं तर धंदा बंद कर म्हणाली आसतीस."

"म्हणलं आसतं. उद्याबी म्हणीन. आज गाडी हुं द्या."

संयोगितांनी नवा पॅड घेतला, पॉलिश ओतलं. लालासाहेब वरून सांगू लागले. "थापू नगंस, भाकरी न्हाई ती. चोळ. कडंला न्ये. आजून."

"सांगताय का करताय?"

"सांगतोय."

"मग दम धरा." त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हितं कोरडं हाय. धरतंय."

लालासाहेबांनी तिथंच आपलं बोट टेकवलं. पुढं नेलं, मागं आणलं. मग बाजूच्या मुरलेल्या जागेवर ठेवलं. दोन्हीकडं सारखंच. त्यांनी हात मागं घेतला आणि लुंगीला पुसला, पुसायला फारसं काही लागलं नव्हतं तरी.

तेवढ्यात धरणेंद्र आले. ठरल्यापेक्षा तासभर आधीच. गाडी निम्मीच झालेली बघून त्यांची चाल मंदावली.

"लाईट गेलती काय?"

उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. नुसतं 'व्हय' म्हटलं की भागत होतं. संयोगिता पॅड चोळायच्या थांबल्या.

"लाईट हुती, आण्णा," लालासाहेब म्हणाले. "चूक माझी झाली. बोटांस्नी कळंना झालंय. पॅड कोरडा ऱ्हायला आन् तसाच फिरीवला. ह्ये बघा." आणि त्यांनी स्वतःच टॉर्च धरून कमानी दाखवल्या.

धरणेंद्र बराच वेळ वाकून बघत राहिले. "ऱ्हातील ह्या?"

"न्हाई. वरच्या वर हायत. निघतील. पर पॅड हिनं मुरवायचा, मी न्हाई."

"म्हंजे इतकी वर्षं वैनी नुसतं फडकीच धूत हुत्या म्हणा की."

"मग काय," संयोगिता म्हणाल्या. "हुद्दा आजच मिळाला."

धरणेंद्र हसले नाहीत फारसे. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसले. "गाडीला जरा काय झालं की टॉर्च घिऊन बघताय. हात दाखीवला का कुणाला?"

"न्हाई."

"मिरजेच्या दवाखान्यात जावा. सोमवारीच. मी काय आता जात न्हाई, आवरा सावकाश."

लालासाहेब मशीन घेऊन बॉनेटपाशी उभे राहिले. संयोगितांनी जास्तीची साय पुसून काढली, पण पॅड दिला नाही. कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवू लागल्या, गव्हातला खडा शोधावा तसं.

"झाला का?"

"थांबा."

ते थांबले. पॅड मुरला की नाही, हे दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ. धरणेंद्र बघत होते, त्याचंही जरा अवघड वाटत होतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एका ठिकाणी संयोगितांनी आणखी थेंबभर पॉलिश चोळलं, तिथं परत बोट फिरवून पाहिलं आणि मग पॅड त्यांच्यापुढं केला.

"आता लावा," त्या म्हणाल्या.