काकांची वेगळी आगोट

पावसाळ्याआधी आमच्या मुरबाडकडच्या गावात घरोघरी आगोट भरली जायची. ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला की जीप बंद, बाजार बंद. मग घरात भरून ठेवलेलंच खायचं. आमच्याकडे भरलेलं असे ते सुकट आणि बोंबील, पत्र्याच्या डब्याचं झाकण लागेनासं होईपर्यंत. वडिलांच्या मते संकटाची तयारी याच्यापुढे जातच नव्हती.

त्या वर्षी धाकट्या काकांनी गळ्यात माळ घातली, मासे सोडले आणि आपली आगोट वेगळी मागितली. वाल, सांडगे, पापड, बटाटे. डबा वेगळा, फडताळ वेगळं, डावसुद्धा वेगळा.

"भावजी, सुकट काय उडी मारून येनार हाय तुमच्या डब्यात?" आई म्हणाली.

"वास तर येतो ना, वयनी!"

वडील वैतागले. "एकट्याला एवढा डबा? पूर काय तुज्या एकट्यासाठी येनार हाय रे?"

पूर आला तो ऐन श्रावणात. श्रावणात आमच्या घरी सुकटीला कुणी हात लावत नसे, हे आगोट भरताना एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रानभाजी जून झालेली, परसातले दोडके कुजलेले. सगळं घर काकांच्या फडताळापुढे घुटमळू लागलं. वडील तर त्यांना चक्क 'माउली' म्हणाले.

काका आधी फुगले. मग स्वतःच डाव घेऊन वाढायला बसले. सांडगा ताटात टाकताना प्रत्येकाला विचारायचे, "वास नाय ना येत?" मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि सांडगे फार आवडायचे.

पिठोरीला त्यांचा डबा संपला. दुसऱ्या दिवशी श्रावण सरला, पूल मात्र पाण्यातच. गणपतीआधीचे ते मोजके दिवस म्हणजे वडिलांचा सण. आईने सुकट भाजली आणि आम्ही अधाशासारखे तुटून पडलो. काकांच्या ताटात नुसता भात आणि मीठ होतं. ते मान खाली घालून जेवत होते. त्यांच्याकडे बघून मला एकदम रडू यायला लागलं.

वडिलांनी आपली सुकटीची वाटी आईकडे सरकवली आणि भातावर मीठ घेतलं.

"मला नको. पोट बरं नाय."

त्यांचं पोट ठणठणीत होतं.

पुढच्या आगोटीला काकांसाठी सुकटीच्या डब्याहून मोठा डबा आला. वडिलांनीच तो मुरबाडहून खांद्यावरून आणला. वाल भरण्याआधी त्यांनी त्यात डोकं घालून नीट वास घेतला.