लालभाईंनी दाट लावलेली हळद

हळदीचा इतिहास बाजारपेठेच्या अंगाने पुष्कळ सांगितला जातो. तो एखाद्या वाडीच्या अंगाने ऐकावा, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस मी हिंगोलीला उतरलो. जायचे असेल तर हाच काळ निवडावा. काढणी आटोपत आलेली असते आणि शिजणाऱ्या हळदीचा वास रस्त्यावरच गाठतो.

हिंगोली आगारातून कळमनुरीमार्गे डोंगरकडा गावापर्यंत एसटी मिळते. तिथे भजी-चहा घेऊन पुढे ऑटो, आणि शेवटचा टप्पा काळ्या मातीच्या गाडीवाटेने पायी. सुटे पैसे जवळ असू द्यावेत. पावसात मात्र त्या वाटेला जाऊ नये.

वाडीत इस्माईलभाई आणि तुकारामकाका हे शेजारी शेतकरी हळदीच्या कढईपाशी भेटले. त्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्या वडिलांची. ती कळायची तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: हळदीचे बेणे, म्हणजे लागवडीसाठी राखलेले कंद, घरच्याच पिकातून निघते. उन्हाळाभर ते सावलीत पाल्याखाली जपायचे आणि पावसाच्या तोंडावर लावायचे. हंगाम चुकला की बेणे कुजते आणि घरचे वाण संपते.

१९४८च्या उन्हाळ्यात, निजामी राजवटीच्या अखेरच्या दहशतीत, काकांचे वडील माणिकराव कुटुंबासह पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले. बेणे आंब्याखाली राहिले. इस्माईलभाईंचे वडील लालभाई यांनी मृगापर्यंत वाट पाहिली. कंदांना कोंब फुटले होते आणि माणिकरावांचे वावर नांगरलेले नव्हते. तेव्हा ज्वारीसाठी तयार केलेल्या आपल्या विहिरीकडच्या तुकड्यातच लालभाईंनी ती हळद लावली. जागा अपुरी, म्हणून कंद जवळजवळ बसवले. घरच्या भाकरीचे काय, आणि शेजारी आलेच नाहीत तर, असे बायकोने विचारले. त्यावर ते एवढेच म्हणाले, "अन् आले तर काय दाखवू?"

सप्टेंबरात राज्य बदलले. आता भिण्याची पाळी लालभाईंची होती. ते दार लावून घरात बसले. एका दुपारी अंगणापुढे बैलगाडी थांबली. पावले वावराकडे गेली, परत आली, आणि बाहेरून आवाज आला.

"लाल्या, इतकी दाट हळद कोन लावतं रे?"

दार उघडले.

इस्माईलभाई इथे थांबले. काकांना राहवले नाही. "दाट व्हतीच. गड्डे बारीक निघाले त्या साली."

"तुझ्या बापानं वऱ्हाडात बसून तण निंदलं व्हतं काय?"

"निंदायचं न्हाई म्हनत मी. अंतर म्हनून राहिलो."

काढणीनंतर माणिकरावांनी बेणे ठेवून घेतले. बाकीची हळद विकून दोन्ही घरांची ज्वारी आली. अंतराचा वाद तेवढा राहिला, आणि तो मिटवण्याची कुणाला घाई दिसली नाही.

निघताना दोघांनी त्याच वाणाचा एकेक गड्डा माझ्या हातावर ठेवला. लावताना वीतभर अंतर सोडा, असे काकांनी दोनदा बजावले.

घरी माझ्याकडे कुंडी एकच आहे. मृगाच्या सुमारास दोन्ही गड्डे मी तिच्यातच लावले. कोंब वर आले आहेत, एकमेकांना खेटून. काकांना अजून कळवलेले नाही.