पेठेत राहिलेली लेक

माझी सुमन टेम्पोतून उतरली आणि माझ्या जावेच्या कडेवर जाऊन बसली. चार वर्षांची होती. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. गिरणीची पाळी सुटली होती, पेठेत माणसाला माणूस लागत होता, भज्यांचा घाणा निघत होता. पोरीला वाटलं, जत्रा आहे.

"अक्का, ठिवा तिला माझ्यापाशी. हितं नळ हाय," शांता म्हणाली. शांता म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. "पाऊस पडला की या अन् न्या."

नवरा म्हणाला, "ठिव." मी तिच्या कपड्यांचं गाठोडं खाली दिलं. गावातली विहीर आटली होती, जनावरं विकून झाली होती, आम्ही पुण्याकडं भोसरीला कामाला चाललो होतो. मांडीवरचा बाळू अंगावर पीत होता, म्हणून तो माझ्याजवळ राहिला. शांताला लेकरू नव्हतं. ते मला टेम्पोत बसल्याबसल्याच टोचलं.

ती नळाची खोली माझी व्हायची होती. सासऱ्यांच्या नावावर सहकारी सूतगिरणीचा शेअर होता, म्हणून आमच्या घरातल्या एका बाईला गिरणीत काम मिळणार होतं, आणि त्या पगारावर पेठेत खोली घेता येणार होती. मी थोरली, चौथी शिकलेली. शांताला सही येत नव्हती. पहिलं बोलावणं मला आलं. साहेब म्हणाला, बांगड्या काढून यावं लागेल, मशीनवर सूत अडकतं. मी म्हणाले, नवरा जिता असताना हात भुंडे करणार नाही, आणि उठून आले. माहेरी दिंद्रुडला माझी आई म्हणायची, "बाईनं पोट रिकामं ठिवावं, हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी शांता गेली. बांगड्या रुमालात बांधल्या, मनगटाला सुताचा एक पदर बांधला आणि कामाला लागली. मी तिला आळीसमोर म्हणाले, "नवऱ्याच्या जितेपणी रांडाव झालीस की गं." ती हसली.

"अक्का, बांगड्या रुमालात हायेत, नवरा घरात हाय. सांजच्याला दोन्ही सापडत्यात."

भोसरीत चार महिन्यांत बाळू गेला. पत्र्याची खोली, टाकीचं पाणी. जुलाब लागले, दोनच दिवस तगला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि मी सुमनला आणायला गेले. तिच्या केसांना रिबिनी होत्या, अंगावर मांस आलं होतं. शांताच्या पदराआडून मला म्हणाली, "तू जा. मी आईपाशी ऱ्हाते." आई म्हणजे शांता. ओढून आणायचा हक्क माझा होता. पण भोसरीच्या टाकीत पाणी अजून तसलंच होतं. मी एकटीच एसटीत बसले.

मग दर दिवाळीला जायचे आणि जळून यायचे. पेठ वाढतच होती. कापडवाल्यानं दुकानाला काच लावली, फोटो स्टुडिओ आला, गिरणीच्या बाया हॉटेलात बसून बशीनं चहा प्यायला लागल्या. शांता त्यांच्यात मधोमध. मी तेव्हा भोसरीच्या वर्कशॉपात लोखंडाचा चुरा झाडत होते. सुमनचा फोटो स्टुडिओच्या काचेआड लागला होता, शांताच्या मांडीवर बसलेला. तो मी कितीतरी वेळ बघितला, पण मागितला नाही.

नंतर एक पाळी बंद झाली. मग दुसरी. एका दिवाळीला गेले तर भोंगाच वाजला नाही. गिरणीच्या फाटकाला कुलूप, आत बाभळी. मशिनी भंगारात गेल्या. हॉटेलाच्या जागी मोबाइलवाला आला, तोही वर्षभरानं बायपासला गेला, आणि त्याच्या मागोमाग सगळा बाजार गेला. कापडवाल्याच्या काचेवर पत्रा ठोकला.

खोटं कशाला लिहू, मला लई बरं वाटलं. म्हटलं, आता शांताच्या खोलीत काय आहे? आता सुमन माझ्याकडे येईल. तोवर आमची झोपडपट्टी पाडून आम्हाला पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता, लिफ्ट होती, नळाला दोन वेळा पाणी होतं. मी फोन केला. ती म्हणाली, "ह्या वयात आईला टाकून कशी येऊ?"

तिनं त्या ओसाड पेठेत शेवयांचं मशीन टाकलं. उन्हाळ्यात आसपासच्या गावच्या बाया रव्याचे डबे घेऊन येतात. पेठेत तेवढ्याच एका दारात रांग असते. शांता काठ्यांवर शेवया वाळत घालते, एक धागा तुटू देत नाही. बाया तिला गिरणीची आई म्हणतात.

माझा नवरा भोसरीत वारला. तो जिता असताना मी एक दिवससुद्धा हात भुंडे केले नव्हते. शांतानं रोज केले, आणि तिचा नवरा अजून शेवयांच्या दुकानापुढं खुर्ची टाकून पेपर वाचतो.

गाव सोडून आलेल्या बाया विचारतात, तुझं घर कुठलं? कागदावर भोसरीचं आहे. पण मला हवं होतं ते घर पेठेत आहे, आणि त्यात दुसरी बाई राहते. मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा तिनं माझं ताट आधी वाढलं. मी जेवले. राग गेला नाही.

मला दोन लेकरं झाली. एक मी नेलं, एक शांतानं ठेवलं. शांतानं ठेवलेलं जगलं.