गिअरबॉक्स कोणी बसवला?

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. राळेगावच्या बाजारात बैलाचे दात पाहून सौदा मोडणारा मी, शून्यातून आठ एकर उभे करणारा मी. अख्ख्या जिल्ह्यात मला फसवू शकला तो हा एकच माणूस, आणि तोही ट्रॅक्टरचा मिस्त्री.

साडभाऊंइतका लहरी मिस्त्री ब्रह्मदेवानं दुसरा घडवला नसेल. उघडलेल्या गिअरबॉक्सला ते लग्नघर म्हणत. मेन शाफ्ट नवरदेव, गिअर वऱ्हाडी आणि बारक्या वॉशरी करवल्या. भाग ज्या क्रमानं निघत त्याच क्रमानं ते धुतलेल्या धोतरावर मांडत, आणि ती ओळ ओलांडणाऱ्याला, मग तो सरपंच का असेना, रांगोळी मोडल्यासारखं झापत. एकदा त्यांच्या कोंबडीनं गिअरबॉक्समधला लोखंडी छर्रा गिळला, तर दोन दिवस वाटी घेऊन कोंबडीमागं फिरले. नवा आणू म्हटलं तर म्हणाले, "दुसऱ्या गावचा वऱ्हाडी या वरातीत नाही चालत."

यंदा ऐन डवरणीत, ओळींमधलं तण काढायच्या दिवसांत, माझ्या छोट्या ट्रॅक्टरचा गिअर अडकला. वाफसा, म्हणजे मातीची कामाजोगी ओल, दोन दिवसांचा. तो गेला की तण कपाशीच्या डोक्यावर चढणार. मी साडभाऊंना मोटारसायकलवर घालून शेतात आणलं आणि अडून बसलो, "आजच्या आज झालं पाहिजे."

"होते. पण हात तुमचा लागन, मी नुसता सांगीन."

"मिस्त्री तुम्ही का मी?"

"लग्न तुमच्या घरचं हाये. पंगत वाढाले मी येऊ काय?"

दिवसभर मी कोपरापर्यंत तेलात, आणि ते बाजेवर चहा पीत. मी त्यांना आळशी म्हणालो, ऐतखाऊ म्हणालो. ते हसले. मी लावलेल्या प्रत्येक गिअरवर ते तेवढा अंगठा फिरवत. "हा उलटा बसवला. दाताची उतरती बाजू जोडीदाराकडं पाह्यजे. नवरीचं तोंड भिंतीकडं करता काय?" तीनदा खोलायला लावलं. चौथ्यांदा झाकण लागलं, आणि पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स, सगळे असे पडले की हातालाही कळलं नाही. मी ट्रॅक्टरला डवरा जोडून कपाशीच्या तासातासांतून गाणी म्हणत सुटलो. साडभाऊ बांधावर उभे राहून नुसता आवाज ऐकत मान डोलवत होते. "तिसरा हळू टाका," ते ओरडले, "नवा जवाई हाये."

संध्याकाळी त्यांची बायको, माझी मेहुणी, त्यांना न्यायला आली आणि हात धरून बांधावरून उतरवू लागली.

"तुमाले सांगतलं नाही वाटते यायनं," ती म्हणाली. "साखरेनं डोयाचे पडदे गेले, भाऊ. दिवाळीपासून धड दिसून नाही राह्यलं."

साडभाऊ, हे तुम्ही वाचणार नाही, ती वाचून दाखवेल. तर ऐका. माझं तण गेलं, कपाशी कमरेला लागली, गिअर अजून गुळगुळीत पडतो. पण दिवसभर माझ्या तोंडून आळशी म्हणवून घेतलंत आणि वर हसलात. कायले लपवलं? याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, आणि तो मला तुमच्याच तोंडून, माझ्या बांधावर बसून हवा आहे.