उघडा राहिलेला पोर्ट

डेटाबेसचा उघडा राहिलेला पोर्ट नेमका कुणाच्या कामी येतो, हा माझा प्रश्न होता. पोर्ट म्हणजे सर्व्हरचे क्रमांक दिलेले दार. त्याआड डेटाबेस हाकेची वाट पाहत बसलेला असतो.

आज आमच्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी एक बाई उभी होती. आजाराचे नाव सांगण्यापूर्वी तिने मागे वळून पाहिले आणि आवाज इतका उतरवला की कारकुनाला कान पुढे करावा लागला. पुढच्याच क्षणी ते नाव मी सांभाळत असलेल्या डेटाबेसमध्ये आले. त्याचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा होता. मागे सॉफ्टवेअर कंपनीला दुरून दुरुस्ती करायची होती, तेव्हा तो फक्त त्यांच्याच संगणकाच्या पत्त्याला उघडावा, असे मी आमच्या विभागाच्या साहेबांना सुचवले होते.

"मॅडम, घरी तुम्ही दाराला तीन-तीन कड्या लावत असाल!" साहेब हसले होते. "पासवर्ड आहे ना? उघडा सरसकट."

दुरुस्ती झाली, दार तसेच राहिले. आज मी पुन्हा विचारले.

"चालू आहे ना सगळं? मग हात लावू नका."

माणूस आपले दुःख कुजबुजत सांगतो, आणि ज्यांच्या स्वाधीन करतो त्यांना ते केवळ एक नोंद वाटते.

मी हात लावला. बाहेरच्या जगासाठी पोर्ट बंद केला. संध्याकाळपर्यंत एकाही विभागाचे काम अडले नाही. म्हणजे इतके दिवस तो आमच्यापैकी कुणासाठीच उघडा नव्हता.

आपल्या डेटाबेसचा पोर्ट बाहेरून उघडा आहे का, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.